दोन्ही हात कोपराखाली फिरत नाहीत: ऑपरेशन करायचं की नाही, हे कशावरून ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पाच वर्षांचा आहे. दोन्ही हात कोपराखाली फिरत नाहीत. एक्स-रेमध्ये कोपराजवळ दोन हाडं एकमेकांना जुळलेली दिसली आणि ‘कंजेनायटल रेडिओअल्नर सायनोस्टोसिस’ हे नाव पहिल्यांदा ऐकलंत. अंगठा छताकडे असतो त्या मधल्या स्थितीपासून मोजलं तर उजवा हात सुमारे 70 अंश पालथा आहे, डावा 30 अंशांच्या आसपास. एका डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हटलं, दुसऱ्यांनी काहीच करू नका म्हटलं. तो लिहितो उजव्या हाताने, पण जेवताना डावा हात पुढे करतो आणि आजी तो मागे सारतात. रोज तेल लावून हात ‘मोकळा’ करायचा प्रयत्न घरात चालू आहे. व्यायामाने फरक पडेल का, ऑपरेशन करावं का, मोठेपणी त्याचं कसं होईल आणि दुसऱ्या बाळालाही हे होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम लहान मुलांच्या हातांवरच आहे. ऑपरेशन सर्जन करतात. त्याच्या आधी आणि नंतर मुलाचा हात त्याच्या दिवसभराच्या कामांत कसा वापरला जातो, ते बघणं आणि अडेल तिथे वाट काढणं हे माझं काम. तेव्हा उत्तरही त्याच अंगाने देते.

सगळ्यात आधी, हात पिळणं आजपासून बंद करा. तेल लावा, हलक्या हाताने चोळा, आजींना नातवाचा हात हातात घेऊन बसू द्या, त्यात काही वाईट नाही. पण मनगट धरून तळवा वर वळवायचा प्रयत्न कुणीही करायचा नाही. हाडवैद्याकडे नेऊन ‘बसवून’ आणायचं नाही. जोड हाडाचा आहे. स्नायू आखडला असेल तर तो ताणून सैल होतो, इथे आखडलेलं काही नाहीच. जोर लावला की तो मनगटाच्या अस्थिबंधांवर आणि कोपरावर जातो, मूल रडतं, आणि आपल्या हातात काहीतरी बिघडलंय आणि घरातली सगळी ते दुरुस्त करायला टपलीत, हे त्याच्या मनात घर करतं. हे दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. काही मुलांत जोड हाडाचा नसून तंतूंचा असतो, तिथेही ओढून-ताणून हालचाल मिळत नाही. व्यायामाने हात फिरायला लागेल का, याचं सरळ उत्तर ‘नाही’ असंच आहे. व्यायामाचा उपयोग दुसऱ्याच ठिकाणी आहे, तो पुढे सांगते.

झालंय काय ते समजलं तर हे पटणं सोपं जाईल. कोपर ते मनगट दोन हाडं असतात, अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. तळवा वर असताना ही दोन्ही शेजारी-शेजारी असतात. हात पालथा करताना रेडियस अल्नाभोवती फिरते आणि तिच्यावरून तिरकी येते. किल्ली फिरवणं, वाटी उताणी-पालथी करणं, सगळं या फिरण्यावर चालतं. गर्भात ही दोन हाडं कूर्चेच्या (हाड पक्कं होण्याआधीच्या मऊ भागाच्या) एकाच सलग तुकड्यातून घडतात आणि साधारण सातव्या आठवड्यात मनगटाच्या बाजूने कोपराकडे एकमेकांपासून सुटी होत जातात. ही क्रिया शेवटच्या टप्प्यात, कोपराजवळ, अडली की तिथे जोड राहून जातो. त्या वेळी गर्भाचा हात पालथ्या बाजूला वळलेला असतो, म्हणून या मुलांचे हात बहुतेक वेळा कमी-अधिक पालथेच राहिलेले दिसतात. साधारण दहापैकी सहा मुलांत दोन्ही हातांत हे असतं.

सातवा आठवडा म्हणजे कितीतरी जणींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणींना घरात कुणीतरी ‘ग्रहणात काय चिरलंस’ असं विचारलेलं असतं. ग्रहणाचा, चाकूचा, पोटावर हात ठेवून झोपण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. डच शरीररचनातज्ज्ञ सँडिफोर्ट यांनी 1793 मध्येच याची नोंद केली होती आणि ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही अशी मुलं जन्मतात. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

पाच वर्षांपर्यंत कळलं कसं नाही, याचाही मनस्ताप नको. तान्ह्या बाळाला तळवा वर करायची फारशी गरज पडत नाही. ते खांद्यातून आणि मनगटातून बेमालूम भागवून घेतं. लहानपणी तिथलं बरंचसं कूर्चा असतं आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून वर्षभराच्या बाळाचा एक्स-रे ‘नॉर्मल’ वाटू शकतो. बालवाडीत ‘तळवे वर करा’ म्हटल्यावर किंवा प्रसादाला हात पुढे केल्यावर मग कुणाच्या तरी लक्षात येतं. काही मुलांचं निदान आधी ‘कोपर निखळलंय’ असं होतं, कारण लहान मुलाचा हात ओढला गेल्यावर कोपर निखळतं तेव्हाही हात फिरत नाही. मग तो बसवण्यासाठी पुन्हा पुन्हा फिरवला जातो. म्हणून एक्स-रेचा स्वच्छ फोटो फोनमध्ये कायम ठेवा. उद्या मुलगा पडला आणि तुम्ही अनोळखी दवाखान्यात गेलात, तर तिथे हात लावायच्या आधी तो फोटो दाखवा.

रिपोर्टवर बहुधा टाइप 1 ते 4 यांपैकी एक आकडा असेल. क्लिअरी आणि ओमर या डॉक्टरांनी 1985 मध्ये केलेली ही विभागणी आहे. जोड तंतूंचा की हाडाचा, आणि रेडियसचं डोकं, म्हणजे तिचं कोपराकडचं टोक, जागेवर आहे, मागे सरकलंय की पुढे, एवढंच ती सांगते. आकडा मोठा म्हणून आजार गंभीर, असं नाही. त्या आकड्यावरून मूल काय करू शकेल ते कळत नाही.

निदान झाल्यावर दोन-तीन तपासण्या मात्र करून घ्याव्यात, आणि त्यांची आठवण दर वेळी करून दिली जातेच असं नाही. एक म्हणजे साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, त्यातल्या प्लेटलेट्ससाठी (रक्त गोठवणाऱ्या पेशींसाठी). फार थोड्या मुलांत हाडांच्या या जोडाबरोबर अस्थिमज्जेत प्लेटलेट्स तयार होण्यातही दोष असतो. तो गंभीर असतो आणि वेळीच कळायला हवा. अंगावर सहज काळे-निळे डाग उठणं, नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येणं असं काही असेल तर अजिबात थांबू नका. दुसरं, बालरोगतज्ज्ञांना छाती नीट तपासायला सांगा. गरज वाटली तर ते टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सुचवतील. तिसरं, बोलणं उशिरा येणं, शिकायला जड जाणं, स्नायू सैल असणं असं काही बरोबरीने असेल तर गुणसूत्रांची तपासणी, कारण मुलग्यांमध्ये एक्स गुणसूत्रं जास्त असली तर हा जोड आढळू शकतो. तुमच्या वर्णनावरून यातलं काही दिसत नाही, तरी सीबीसी झाला नसेल तर या आठवड्यात करून घ्या. बहुसंख्य मुलांमध्ये हातांपलीकडे काहीच नसतं.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिली म्हणून तुम्ही गोंधळलात, पण दोन्ही मतांना आधार आहे. हात 60 अंशांहून जास्त पालथा असेल तर ऑपरेशनचा विचार करावा, असं पुष्कळ सर्जन मानतात. तुमच्या मुलाचा उजवा हात त्यात बसतो. दुसरीकडे, उपचार न करता मोठ्या झालेल्या रुग्णांचा अभ्यास करणाऱ्यांनी, ज्यांच्या टाइपचा वर उल्लेख केला त्यांनीही, असं नोंदवलंय की हात किती अंशांत अडकलाय आणि माणूस प्रत्यक्षात किती काम करतो, यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. माझा अनुभव या दुसऱ्या बाजूला झुकतो. एक्स-रेवरचा किंवा कोनमापकावरचा आकडा चर्चा सुरू करायला ठीक आहे. निर्णय व्हायला हवा तो मुलाच्या दिवसावरून.

म्हणजे काय करायचं? दोन-तीन आठवडे त्याला न टोकता, न शिकवता बघा. जेवताना, तोंड धुताना, शी धुताना, कपडे घालताना, चेंडू झेलताना फोनवर छोटे व्हिडिओ घ्या. (धुण्याचा व्हिडिओ नको, ते नुसतं बघून लिहून ठेवा.) कोणतं काम होत नाही, कोणतं वेगळ्या पद्धतीने होतं आणि कोणतं तो टाळतो, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. वेगळ्या पद्धतीने होणारं काम ही अडचण नाही. टाळलेलं काम ही अडचण असते, आणि मुलं फार सफाईने टाळतात. ‘मला भूक नाही’, ‘मला क्रिकेट आवडत नाही’ यांमागे कधीकधी हात असतो.

निरोगी हात दोन्ही बाजूंना साधारण 80 अंशांच्या आसपास फिरतो. मॉरी आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मोजून दाखवलं की रोजची बहुतेक कामं 50 अंश पालथं ते 50 अंश उताणं एवढ्यात भागतात. पण ही मोजणी अमेरिकेतली, काटे-चमच्यांच्या आणि टॉयलेट पेपरच्या जगातली. आपल्याकडे हाताने जेवतात आणि पाण्याने धुतात. या दोन कामांना हात बराच उताणा लागतो. म्हणून परदेशी पुस्तकात ‘फारशी अडचण येत नाही’ लिहिलेलं असलं तरी आपल्या मुलाच्या बाबतीत ते तपासूनच घ्यावं लागतं. जपानमधल्या डॉक्टरांनीही भाताचा वाडगा तळव्यावर धरणं आणि ओंजळीने तोंड धुणं या तक्रारी ठळकपणे नोंदवल्या आहेत, आणि त्या आपल्याला जवळच्या आहेत.

तुमच्या मुलाचंच बघू. तो लिहितो उजव्याने आणि जेवतो डाव्याने. लोकांना हा गोंधळ वाटेल, मला तो त्याचा शहाणपणा वाटतो. लिहायला हात पालथाच लागतो, 70 अंशांचा उजवा हात तिथे उत्तम चालतो. वरण-भाताचा घास तोंडाशी नेताना तळवा वर आणि चेहऱ्याकडे वळावा लागतो, तिथे 30 अंशांचा डावा हात जवळचा. कुणी न सांगता त्याने दोन हातांत कामं वाटून घेतली आहेत. आजींना हे असं समजावून सांगा. उजव्या हाताने जेवायचा आग्रह धरला तर तो कोपर कानापर्यंत उचलेल, मान खाली घालेल, अर्धा घास ताटाबाहेर सांडेल आणि मग सांडण्यावरूनही बोलणी खाईल.

पण इथे एक खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल घरात कुणी उघड बोलत नाही. आपल्याकडे डावा हात धुण्याचा. जेवणही डाव्यावर आलं तर दोन्ही कामं एकाच हातावर येतात. आजींच्या विरोधामागे नुसती रूढी नाही, स्वच्छतेची रास्त काळजी आहे, आणि तिला उत्तर द्यायला हवं. मी नेहमी दोन्ही बाजूंनी प्रयत्न करते. जेवणात उजव्या हाताला चमचा देऊन बघते. जाड मुठीचा, आणि मान अंगठ्याच्या बाजूला वाकवलेला चमचा असेल तर पालथ्या मुठीतूनही घास सरळ तोंडात जातो. साधा स्टीलचा चमचा भांडीवाल्याकडून वाकवून घेतला आणि मुठीवर सायकलच्या हँडलचं रबर चढवलं तरी काम होतं. ताट चार बोटं उंच, पाटावर किंवा छोट्या चौरंगावर ठेवा. पोळी-भाजी तो उजव्या हाताने खाऊ शकेल, कारण तुकड्यात भाजी चिमटून तोंडात टाकायला तळवा तेवढा वर लागत नाही. भात, खिचडी, आमटी चमच्याने. आणि कोरडं काही डाव्याने खाल्लं तर खाऊ दे.

धुण्यासाठी घरी जेट किंवा हँड शॉवर बसवून घ्या. या मुलांसाठी एवढा उपयोगी खर्च दुसरा नाही. पाण्याच्या जोरानेच निम्म्याहून अधिक काम होतं, उरलेल्यासाठी बसण्याची पद्धत शिकवता येते: थोडं पुढे झुकून, एक पाय किंचित पुढे घेऊन, हात मागून आणायचा की पुढून, हे त्याच्या हाताप्रमाणे ठरवावं लागतं. जवळच्या थेरपिस्टकडे न लाजता विचारा. शाळेत जेट नसेल तर लांब तोटीची प्लास्टिकची बाटली दप्तरात असू दे. शाळेत शी लागेल या भीतीने डबा न खाणारी मुलं मी बघितली आहेत, आणि पालकांना वाटत होतं की पोराला डबा आवडत नाही.

तोंड धुताना ओंजळ होणार नाही. मगातून पाणी घेऊन किंवा नळाखाली वाकून, पालथ्या हातांनीच चेहरा चोळून धुता येतो. दात घासल्यावर चूळ भरायला पेला द्या. देवळात तीर्थ घ्यायला वाटी पुढे केली तर कुठलाही गुरुजी अडवत नाही. सुट्टे पैसे हातात घेताना नाणी घरंगळतात, ही मोठ्या रुग्णांची जुनी तक्रार होती. फोनवरून पैसे द्यायची सोय झाल्यापासून ती फारशी ऐकू येत नाही. नमस्काराला मात्र तळवे जुळवून बघा. बहुतेक मुलं कोपरं बाहेर काढून छान जुळवतात.

व्यायामाची खरी जागा इथे आहे. हात उताणा करायचा असतो तेव्हा हे मूल दंड अंगाशी घेऊन खांदा बाहेर फिरवतं आणि कमरेतून झुकतं. पालथा करायचा असतो तेव्हा दंड बाजूला उचलतं. शिवाय या मुलांच्या मनगटाच्या सांध्यांत इतरांपेक्षा जास्त फिरकी तयार झालेली असते. म्हणजे कोपराखाली जे मिळत नाही ते वरून खांदा आणि खालून मनगट पुरवतात. तेव्हा खांदे, पाठ आणि मनगट लवचिक आणि बळकट ठेवायची. पोहणं याला सर्वांत चांगलं. लटकणं, चढणं, चेंडू फेकणं, कणीक तिंबणं, सगळं चालतं. चेंडू कमरेखाली झेलणं जड जाईल. छातीसमोर किंवा डोक्यावर, बोटं आकाशाकडे ठेवून झेलायला शिकवा. वाद्य शिकायचं असेल तर हार्मोनियम, कीबोर्ड किंवा तबला पालथ्या हाताला मानवतात. व्हायोलिन आणि गिटारला डावा हात चांगलाच उताणा लागतो, म्हणून त्यांचा क्लास लावण्याआधी वाद्य हातात देऊन बघा.

एवढं करून तीन-चार महिन्यांनी पुन्हा तीच यादी तपासा. उजव्या हाताने चमचा जमतोय, डाव्याने धुणं जमतंय, शाळेत तो आनंदात आहे, तर 70 हा आकडा कितीही डोळ्यांत खुपला तरी मी ऑपरेशनकडे ढकलणार नाही. याउलट, सगळ्या युक्त्या करूनही उजवा हात जेवणात, धुण्यात, कपड्यांत कुठेच मदतीला येत नसेल आणि सगळा भार डाव्यावर पडत असेल, तर ऑपरेशन हा योग्य मार्ग आहे. तेव्हा भीतीपोटी वर्षानुवर्षं टाळूही नका. लोक काय म्हणतील, पंगतीत कसं दिसेल, लग्नाच्या वेळी अडेल, ही ऑपरेशनची कारणं नाहीत.

ऑपरेशनात नेमकं काय होतं, हे सर्जनकडून नीट समजून घ्या. बरेच पालक ‘हात फिरायला लागेल’ या समजुतीने सही करतात. नेहमी केलं जाणारं ऑपरेशन म्हणजे डीरोटेशन ऑस्टिऑटॉमी: हाड कापून, हात सोयीच्या कोनात वळवून, तारांनी किंवा प्लेटने धरून, काही आठवडे प्लास्टर. त्यानंतरही हात फिरत नाही. तो दुसऱ्या, जास्त उपयोगी कोनात स्थिर होतो. जेवढा उताणा कराल तेवढा पालथेपणा कायमचा जातो. लिहिणं, टायपिंग, टेबलावर हात टेकणं हे सगळं पालथेपणावर चालतं. म्हणून हल्ली सहसा हात पूर्ण उताणा करत नाहीत. अंगठा छताकडे राहील असा मधला कोन, किंवा लिहित्या हाताला त्याहून किंचित पालथा, असा ठेवतात. दोन्ही हातांना दोष असला तरी दोन्हींचं ऑपरेशन लागतंच असं नाही. तुमच्या मुलाच्या डाव्या हाताला कुणी ऑपरेशन सुचवलं तर मी कारण विचारेन.

जोड सोडवून हाडं सुटी करण्याचे प्रयत्न खूप जुने आहेत. नुसतं सुटं केलं तर हाड पुन्हा जुळून येतं. जपानमध्ये कानाया आणि इबाराकी यांनी 1998 मध्ये सुट्या केलेल्या हाडांमध्ये रक्तपुरवठ्यासह चरबीचा पडदा बसवून ती वेगळी ठेवल्याचं प्रसिद्ध केलं. हे सूक्ष्मशस्त्रक्रियेचं अवघड काम आहे आणि त्यात हात बसलेले सर्जन मोजकेच. कुणी ‘पूर्ण फिरणारा हात देतो’ म्हणालं तर अशा किती मुलांवर केलंय आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांचे हात किती फिरतात, हे विचारा.

धोके स्पष्ट सांगते. हात एकदम जास्त अंश वळवला की नसा आणि रक्तवाहिन्या ताणल्या जातात, आणि आत सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस मूल औषधालाही न जुमानणाऱ्या वेदनेने रडत असेल, बोटं सरळ करताना किंचाळत असेल, बोटं फिकट किंवा बधिर वाटत असतील, तर ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’ म्हणून ऐकून घेऊ नका. रात्री दोन वाजता का होईना, डॉक्टरांना उठवा, प्लास्टर सैल करायला सांगा. बोटं किंवा अंगठा वर उचलता न येणं हे नस दुखावल्याचं लक्षण असू शकतं. बऱ्याचदा ते कालांतराने सुधारतं, पण कळवायला हवं. लहान मुलांच्या हातांची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. वयाचं म्हणाल तर शाळेची सुरुवातीची वर्षं सोयीची मानतात, कारण हाड लवकर जुळतं आणि मूल नव्या कोनाला चटकन सरावतं. पण ही घाईची गोष्ट नाही. सहा महिने विचार करायला घेतलेत तर काहीही हातचं जात नाही.

शाळेशी आताच बोला. वर्गशिक्षिकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या: हात दुखत नाही, लिहायला अडचण नाही, कवायतीत तळवे वर होणार नाहीत, कुणीही हात पिळून बघायचा नाही. मुलालाही एक वाक्य शिकवा, ‘माझी हाडं जन्मापासून जोडलेली आहेत, म्हणून हात असाच राहतो.’ हे त्याने न अडखळता म्हटलं की बाकीच्या मुलांची उत्सुकता दोन दिवसांत ओसरते. सरकारी शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीला येतात. त्यांच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपी आणि पुढची तपासणी मोफत मिळू शकते, खासगी खर्च झेपत नसेल तर ही वाट जरूर धरा.

मोठेपणीची काळजी थोडक्यात. टायपिंग, संगणक, शिकवणं, स्वयंपाक, गाडी चालवणं, लेकराला कडेवर घेणं, हे सगळं करणारी माणसं मी जवळून बघते. स्क्रू-ड्रायव्हर फिरवायच्या कामात मशीनचा ड्रायव्हर लागेल. सैन्य किंवा पोलीस भरतीत कोपर-हाताच्या हालचाली तपासल्या जातात, त्यामुळे त्या वाटेला जायचं ठरवलं तर तयारीत वर्षं घालवण्याआधी वैद्यकीय निकष बघून घ्या. दिव्यांगत्वाचा दाखला 2016 च्या कायद्याप्रमाणे मिळतो, पण बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात आणि ते प्रत्येकाचे भरतातच असं नाही. बारा-पंधरा वयात कोपरात खट्ट वाजून दुखायला लागलं तर रेडियसचं डोकं तपासून घ्या, त्या वयात ही तक्रार येऊ शकते. आणि रक्त तपासायला जाल तेव्हा लॅबमधल्या माणसाला आधीच सांगा की हात फिरत नाही. मुलाला खुर्चीत जरा बाहेरच्या बाजूला झुकवून, खांद्यातून हात वळवला की शीर समोर येते. नाहीतर तिथे हमखास ओढाताण होते.

राहिला दुसऱ्या बाळाचा प्रश्न. बहुतेक वेळा घरात आधी कुणालाच हे नसतं, पण काही कुटुंबांत ते पिढ्यांत उतरतं. 2019 मध्ये ‘स्मॅड 6’ या जनुकातले बदल या जोडाशी निगडित असल्याचं प्रसिद्ध झालं, आणि असा बदल असूनही ज्यांचे हात व्यवस्थित फिरतात असे लोकही असतात. म्हणून आधी तुम्ही दोघं, आजी-आजोबा, मामा-काका, सगळ्यांनी कोपरं अंगाला चिकटवून तळवे वर करून बघा. कधीकधी एखाद्या काकांचा हात आयुष्यभर थोडा कमी वळत असतो आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. असं कुणी निघालं, किंवा सीबीसीत काही वेगळं आलं, तर दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशकांना भेटा. तसं काही नसेल तरी शंका मनात ठेवून राहण्यापेक्षा एकदा भेटणं मी सुचवेन. जाताना मुलाचा एक्स-रे, सीबीसी आणि घरातल्या कुणाचे हात किती वळतात याची यादी बरोबर न्या.